चाल कुणी गायची?

मी शाळेत भूगोल आणि गाणं शिकवत असे. भूगोलाचा पगार मिळे आणि गाण्याची बोलणी. या दोन्हींखेरीज माझं एक तिसरं काम होतं. ते काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. घरी पाहुणे आले की ते सांगत, "आमचे जावई नगरला मिशनच्या शाळेत असतात. इंग्रजांची गाणी दुरुस्त करतात."

"इंग्रजांची गाणी बिघडतात का हो?" पाहुणे विचारत.

"तीन-तीनशे वर्षांची जुनी. बिघडतीलच की."

पुढे हे काम मी बरीच वर्षं केलं, पण त्याचं याहून नेमकं वर्णन मला जमलेलं नाही. नाताळच्या अंकासाठी 'तुमच्या कामाविषयी लिहा' असं सांगायला आलेल्या तरुण संपादकांची समजूत होती की मी देवळात पेटी वाजवत होतो. माझं काम सुरू झालं तेच मुळी पेटी बंद पडल्यामुळे.

आम्ही नगरचे ख्रिस्ती चर्चला देऊळ म्हणतो आणि देवळात येणाऱ्या सगळ्यांना मिळून मंडळी. तर लढाईच्या दिवसांत आमच्या देवळातला ऑर्गन उंदरांनी खाल्ला. अख्खा नव्हे, भात्याचं कातडं तेवढं. पण भात्यावाचून ऑर्गन म्हणजे नुसतं कपाट. नवं कातडं मिळेना. भिंगारच्या छावणीत तेव्हा इतके रणगाडे आणि इतके गोरे सोजीर येऊन पडले होते की नगरातलं कातडं, रॉकेल, साखर आणि बरे स्वयंपाकी, सगळं तिकडे वाहत गेलं होतं. मंडळीच्या पंचांनी उंदरांचा बंदोबस्त करण्याचा ठराव केला. ठराव झाला तेव्हा उंदीर ऑर्गन संपवून वेदीपुढच्या गालिच्यावर आले होते.

मुलींच्या शाळेच्या मुख्य मिस हॉलवे. त्यांना आम्ही मिससाहेब म्हणत असू. उंच, सडसडीत, मराठी व्याकरणाच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या, आणि म्हणून आमच्यापैकी कुणाशीच बोलताना चूक न करणाऱ्या. ऑर्गन मेला त्या रविवारी त्यांना अतिशय दुःख झालं. पुढच्या रविवारी मात्र त्या आनंदात होत्या. त्यांनी मला बोलावलं.

"शमुवेल, हा संकेत आहे. आपण आपल्या पूर्वजांप्रमाणे वाद्यावाचून गाऊ."

कुणाच्या पूर्वजांप्रमाणे, हे मी विचारलं नाही. माझे पूर्वज वाद्यावाचून काहीच करत नसत. आजोबा हलगी वाजवत आणि पणजोबा सनई. गावात लग्न निघालं की त्यांच्यावाचून अडत असे आणि पंगत बसली की त्यांची आठवण शेवटी होत असे. मिससाहेबांचे पूर्वज निराळे. त्यांचे एक चुलते विलायतेत खेड्यातले पाद्री होते. त्यांच्याकडून आलेलं एक जाडजूड, कातडी बांधणीचं पुस्तक त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. उंदरांनी ते कसं सोडलं याचं मला नवल वाटलं.

त्या पुस्तकाविषयी थोडं सांगायलाच हवं. विलायतेत फार पूर्वी कुणीतरी ठरवलं की शास्त्रातली स्तोत्रं विणकर-मोच्यांनाही गाता आली पाहिजेत. म्हणून ती पद्यात बसवली. एका ओळीत आठ अक्षरं, दुसरीत सहा, पुन्हा आठ, पुन्हा सहा. त्यांना साध्या, चार ओळींत संपणाऱ्या चाली दिल्या. मग शहाण्या माणसांनी त्या साध्या चालींना आणखी तीन आवाज जोडले आणि त्या पुन्हा विणकर-मोच्यांच्या हाताबाहेर नेल्या. सगळ्यांत वर बायकांचा आवाज, त्याखाली बायकांचाच दुसरा, मग पुरुषांचा उंच आवाज, ज्याला टेनर म्हणतात, आणि तळाशी खर्ज.

पुस्तकात हे चार आवाज एकाखाली एक छापलेले नव्हते. टेबलाभोवती चार बाजूंना बसून गाणाऱ्यांना सोयीचे पडावेत म्हणून एक सरळ, एक आडवा, एक उलटा असे पानभर पसरले होते. मी एक चाल उतरवून घेताना पुस्तक इतकं फिरवत असे की आमच्या घरी वाटे, ह्यांना काहीतरी झालंय. ताल दाखवणाऱ्या उभ्या रेघा नाहीत. कुठला स्वर कोमल आणि कुठला शुद्ध हे अर्धंच लिहिलेलं, कारण त्या काळच्या गायकांना ते सवयीनं कळे. एका चालीचा खर्ज कसरीने पार खाल्ला होता. तो मी स्वतः रचून घातला. मिससाहेबांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, "या खर्जात खरे सोळावे शतक आहे." पुस्तकात लिहिलेलं नाही ते गायला लावायचं आणि लिहिलेलं आहे त्यातलं बरंचसं गाळायचं, याला संपादन म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं.

शिवाय वाद्य नसलं की गाणारे हळूहळू खाली घसरतात. पहिलं कडवं ज्या पट्टीत सुरू होई तिथून शेवटच्या कडव्यापर्यंत आमची मंडळी इतकी खाली येई की खर्जातले दोघे वयस्क मास्तर नुसते ओठ हलवत. म्हणून मी प्रत्येक चाल मुद्दाम थोडी वर चढवून लिहीत असे. घसरायला जागा ठेवायची. हे कुठल्याच पुस्तकात नाही, पण आमच्या मंडळीचा स्वभाव लक्षात घेता दुसऱ्या अनेक बाबतींतही हे करणं शहाणपणाचं ठरलं असतं.

सगळ्यांत मोठी अडचण शब्दांची. इंग्रजी चालींत आठव्या अक्षरावर स्वर लांबतो आणि तिथे श्वास घेतात. आमचे पाळकसाहेब, म्हणजे देवळाचे पाद्री, स्वतः कवी होते. कवितेच्या बाबतीत नसतं धाडस त्यांच्यात भरपूर होतं. त्यांनी या चालीसाठी मराठी ओळी रचून दिल्या:

संकटात देव सोडी
ना आपुल्या जनां

अक्षरं मोजून बरोबर. पण गाताना मंडळी "संकटात देव सोडी" म्हणून तो शेवटचा "डी" ताणून धरी, मग सावकाश श्वास घेई, आणि मग "ना आपुल्या जनां". मधल्या वेळात देवानं सगळ्यांना सोडलेलं असे. मी पाळकसाहेबांना नम्रपणे सुचवलं की "ना" तेवढा पहिल्या ओळीत घ्यावा.

"मास्तर, प्रेरणेनं आलेली ओळ आहे. ती अशी सोलता येत नाही."

मी मिससाहेबांकडे गेलो आणि म्हटलं, तो लांब स्वर थोडा आखडता घेऊ, म्हणजे श्वास पुढे सरकेल. त्या दचकल्या. "शमुवेल, तो स्वर साडेतीनशे वर्षे तेवढाच आहे!"

अशा रीतीने पाळकसाहेबांची प्रेरणा आणि मिससाहेबांचं शतक यांच्या मधे अडकून आमच्या देवळात देव कित्येक रविवार लोकांना संकटात सोडत राहिला. त्या दिवसांत घरोघरची मुलं लढाईवर होती. शेवटी सोनाबाई नावाची एक म्हातारी, जिचे दोन्ही लेक फौजेत होते, एका रविवारी त्या लांबलेल्या स्वरातच उठून उभी राहिली. "पाळकसाहेब, सोडलंय का न्हाई सोडलं, त्ये एकदाचं सांगा. माझा जीव ऱ्हात न्हाई मधी." त्या आठवड्यात पाळकसाहेबांना नवी प्रेरणा झाली: देव ना सोडी संकटी, आपुल्या या जनां. ओळ त्यांचीच. सोनाबाईंचं नाव कुठे आलं नाही.

हे सगळं किरकोळ होतं. खरं रामायण पुढेच झालं.

देवळाचा हीरक महोत्सव जवळ आला. मुंबईहून बिशपसाहेब येणार होते. मिससाहेबांनी ठरवलं की पुस्तकातलं पहिलं स्तोत्र पुस्तकात आहे तसंच, एक स्वर न बदलता गायचं. मी ते तसंच उतरवलं. आता या जुन्या पुस्तकांत एक गोष्ट अशी असते की चाल सगळ्यांत वर, बायकांकडे नसते. ती टेनरकडे असते. त्या काळी चाल पुरुषांनी मधून गायची आणि वरच्या आवाजानं तिच्याभोवती शोभेची वेलबुट्टी काढायची, असा रिवाज होता. ऐकायला ही बाब फार बारीक वाटते. मलाही वाटली होती.

ख्रिस्ती झाल्यावर आमची जात गेली, असं आम्ही सगळे जण बाहेरच्यांना सांगत असू, आणि रविवारी बाकावर बसताना ती बिनचूक परत येत असे. पुढचे बाक जुन्या घराण्यांचे. त्यांचे आजे-पणजे आधी ख्रिस्ती झाले, आधी शिकले, मास्तर-डॉक्टर-कारकून झाले. मागचे बाक खेड्यांतून अलीकडे आलेल्यांचे. गायनमंडळात बायकांचा वरचा आवाज पुढच्या बाकांतून आलेला होता, कारण घरी पेटी असलेल्या मुली तिथेच होत्या. टेनर सगळा मागच्या बाकांचा, कारण उघड्यावर ओरडून काम करणारी माणसं तिथे होती.

टेनरांचा म्होरक्या पत्रस. भिंगारच्या लष्करी वर्कशॉपात तो रणगाडे धूत असे आणि तिथे रणगाड्याच्या आवाजावर आवाज चढवून त्याचा गळा पितळेसारखा झाला होता. पत्रस नम्र होता असं त्याची आईसुद्धा म्हणाली नसती. तालमीला तो उशिरा येई, आणि उशिरा आल्याचं सगळ्यांना कळावं म्हणून लष्करी बूट वाजवत येई. तालीम शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमधे. मी फळ्यावर स्वर लिहून ठेवले होते. ते वाचायला मी सगळ्यांना शिकवलं होतं.

पत्रस फळ्यासमोर थांबला. "मास्तर, ही तर चालच हाय."

"हो."

"म्हंजी चाल आमी गायाची?"

"पुस्तकात तसं आहे."

"आन् ह्या बाया?"

"त्या वर साथीचं गातील."

पत्रसनं वळून टेनरमधल्या आपल्या भावांकडे पाहिलं. "आरं, नीट हुबं ऱ्हावा. चाल आपल्याकडं हाय."

आणि ते असे गायले की हॉलच्या खिडक्या थरथरल्या. माझ्या अंगावर काटा आला, हे मी कबूल करतो.

वरच्या आवाजाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई. मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या पत्नी. त्यांचं खरं नाव त्या स्वतःही वापरत नसत. त्यांच्या दोन्ही मुली त्यांच्या दोन बाजूंना उभ्या असत. त्यांनी हातातला कागद पुन्हा एकदा पाहिला.

"मास्तर, हा भाग आमच्याकडे चुकून आलाय का?"

"नाही बाई, वरचा आवाज तोच आहे."

"पण यात गाणं कुठं आहे?"

मिससाहेब उठून म्हणाल्या, "बाई, सोळाव्या शतकात असेच गात असत."

"आणि बायका काय करत असत तेव्हा?"

मिससाहेबांनी जरा विचार केला. त्या खोटं बोलत नसत. "बहुतकरून ऐकत असत."

डॉक्टरीणबाईंनी कागदाची घडी घातली, मुलींना घेतलं आणि त्या थेट पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेल्या.

पंचांची बैठक झाली. मला बोलावलं होतं, ते बाकावर बसवण्यापुरतं. पाळकसाहेब म्हणाले, सर्व काही शिस्तीनं व्हावं. डॉक्टर म्हणाले, शरीरशास्त्राच्या दृष्टीनं उंच आवाज कानाला आधी पोचतो, म्हणून चाल उंच आवाजात असणं आरोग्याला बरं. आमच्या शाळेचे हेडमास्तर म्हणाले, बिशपसाहेबांसमोर रणगाडे धुणारे चाल गातात आणि डॉक्टरांच्या मुली मागून गुणगुणतात हे दिसायला कसं दिसेल. दिसायला, असं म्हणाले. गाणं ते डोळ्यांनी ऐकत असत. शेवटी दवाखान्यातले वृद्ध हिशेबनीस, ज्यांना कमी ऐकू येई म्हणून ते मोठ्यानं बोलत, ते ओरडले, "अहो, आज चाल दिलीत तर उद्या पुढचा बाक मागतील!"

सगळे एकदम खोकले. त्या खोलीत खरं बोललेला माणूस तो एकटाच.

मी मिससाहेबांकडे आशेनं पाहिलं. एक स्वर बदलायचा नाही, हे त्यांचंच म्हणणं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मुलींच्या वसतिगृहात त्याच आठवड्यात गोवर निघाला होता आणि डॉक्टर रोज दोनदा येऊन जात होते.

"शमुवेल," त्या म्हणाल्या, "मी विचार केला. पुढील शतकात चाल वर गेली होती. तेही अस्सलच आहे."

मिससाहेबांच्या अस्सलपणाला एखादं शतक इकडेतिकडे चालत असे.

मी म्हणालो, टेनरांनी चाल पाठ केली आहे, आता काढून घेतली तर ते दुखावतील. पाळकसाहेब माझ्याकडे वळले. फार प्रेमळ चेहरा होता त्यांचा. "मास्तर, तुमची खोली मंडळीच्या आवारातच आहे ना? यंदा गळत तर नाही ना?"

"नाही पाळकसाहेब."

"छान. काही लागलं तर सांगा."

घरी येऊन मी हे एस्तेरला, माझ्या बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. न थांबता म्हणाली, "चाल कुणाकडं का असेना, खोली आपल्याकडं राहू द्या."

तेव्हा मी चाल हलवली. टेनरचा भाग एक सप्तक वर नेऊन बायकांना दिला आणि बायकांची वेलबुट्टी एक सप्तक खाली आणून टेनरला. हे सोपं वाटतं. दोन बिऱ्हाडांच्या खोल्यांची अदलाबदल, बस. पण वरचं खाली आणि खालचं वर झालं की दोघांमधली अंतरं बदलतात. आधी जे स्वर एकमेकांशी गोडीनं वागत होते ते एकाएकी एकमेकांच्या मागे घसरू लागतात आणि जुन्या पंडितांना ते खपत नाही. मग दुसऱ्या आवाजाला थोडं इकडे सरकव, खर्जाला थोडं तिकडे. कित्येक संध्याकाळी त्यात गेल्या. काम चांगलं झालं होतं. मला माझ्या कामात एवढंच कळतं, की चांगलं झालं की कळतं. कशासाठी केलं याचा विचार मी तेव्हा केला नाही, कारण तो विचार खोलीपाशी येऊन थांबत असे.

पुढच्या शनिवारी पत्रस आला. फळ्याकडे बघत राहिला.

"मास्तर, आमची चाल कुठं गेली?"

"वर."

"कोनी न्हेली?"

"पंचांचा ठराव आहे."

डॉक्टरीणबाई कागद बघत होत्या. पत्रसनं टोपी काढली, पुन्हा घातली. "आवारातली ग्वाड्या पान्याची हीर त्येंची. फुडली बाकं त्येंची. आता चाल बी त्येंचीच व्हय?"

त्या विहिरीचा इतिहास नाताळच्या अंकात नको. पत्रस गेला. त्याच्यामागून त्याचे भाऊ गेले आणि सगळा टेनर गेला. हॉलच्या फरशीवर त्या बुटांचा आवाज बराच वेळ ऐकू येत होता, कारण जिन्यापर्यंत पत्रस मुद्दाम सावकाश चालला.

टेनरवाचून चार आवाज उभे राहत नाहीत. भिंतीतली मधलीच वीट काढल्यासारखं होतं. बिशपसाहेब यायला थोडेच दिवस उरले होते आणि पंच मला रस्त्यात गाठून विचारू लागले, "मास्तर, तुमच्या माणसांचं काय?" आता ती माझी माणसं झाली होती. मी भिंगारला पत्रसच्या घरी गेलो. कामावरून येऊन तो हातपाय धूत होता. त्याच्या बायकोनं, रूथनं, गुळाचा चहा दिला.

मी म्हटलं, "पत्रस, बिशपसाहेबांसमोर मंडळीची शोभा होईल."

"हुईना का."

"माझी खोली जाईल."

त्यानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. "त्ये सांगितलंया व्हय तुमाला त्यांनी?"

"गळते का, असं विचारलं."

पत्रस मोठ्यानं हसला. मग रूथ आतून म्हणाली, "जावा की. मास्तरांचं घर मोडाया नगं." पत्रसनं टॉवेल खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "येतो. पन काय गाईन त्ये इचारू नगा."

मी विचारलं नाही.

महोत्सवाच्या दिवशी देऊळ फुललं होतं. बिशपसाहेब मोठ्या खुर्चीत. पुढे डॉक्टरीणबाई रेशमी लुगड्यात, त्यांच्या मुली, आणि मागे पत्रस आणि त्याचे भाऊ, बूट चकचकीत. मी सूर दिला, हात वर केला आणि खाली आणला.

बायकांनी चाल सुरू केली. आणि त्याच क्षणी, एक सप्तक खालून, टेनरनंही चालच सुरू केली. वेलबुट्टी कुणीच गाईना. डॉक्टरीणबाईंनी मान न वळवता आवाज चढवला. पत्रसनं चढवला. दुसरा आवाज आणि खर्ज या दोघांच्या मधे चिरडून नाहीसे झाले. मी हात हलवत होतो, पण तो माझ्या समाधानासाठी. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकांनी उचललं, कारण चाल साधी होती आणि दोन्हीकडून कानात ठोकली जात होती. मग पुढच्या बाकांना गप्प राहणं कठीण गेलं. सोनाबाई सगळ्यांच्या पुढे एक शब्द होत्या. हिशेबनीस वेगळंच काहीतरी गात होते, पण मनापासून. त्या देवळात सगळ्यांनी एकाच वेळी एकच गोष्ट केल्याचं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

नंतर बिशपसाहेबांनी माझा हात हातात घेतला. "चार आवाज टाळून सर्वांना एका सुरात आणलेत. फार धाडसी संपादन."

"थँक यू, सर," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मिससाहेब शेजारी उभ्या राहून अशा मान डोलवत होत्या, जणू हे त्यांनीच सुचवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर सगळ्यांना सांगितलं की टेनरवाले शेवटी आमच्या मागे आले. पत्रसनं सगळ्यांना सांगितलं की बाया आमच्या आधारानं गायल्या. दोन्ही बाजू जिंकल्या. माझ्या कित्येक संध्याकाळच्या कामातला एक स्वरही कुणाच्या कानावर पडला नव्हता.

लढाई संपली आणि कातडं मिळू लागलं. ऑर्गनला नवा भाता आला आणि डॉक्टरीणबाईंची थोरली मुलगी तो वाजवू लागली. वाद्यावाचून गाण्याची टूम सगळे विसरले. मिससाहेब विलायतेला परत गेल्या, जाताना पुस्तक घेऊन गेल्या. भिंगारच्या वर्कशॉपातली माणसं कमी झाली, त्यात पत्रसचीही नोकरी गेली. राहात्याच्या बाजूला एका साखर कारखान्यात त्याला काम मिळालं, ऊस तोलण्यावर. मग मुकादम झाला. एक दिवस तो बूट वाजवत माझ्या वर्गात आला. भूगोलाचा तास चालू होता.

"मास्तर, चला राहात्याला. आमी गान्याचा कॉयर बसवलाय. वाद्य न्हाई, काय न्हाई. ह्या खेपेला चाल आपल्याकडं. बुकातल्यावानी लिवून द्या."

मी जुन्या वहीतून ते उतरवून दिलं आणि सुट्टीत मोटारीनं गेलो. कामगारांच्या वस्तीत पत्र्याचं छप्पर घातलेलं छोटंसं देऊळ होतं, आठवडाभर तिथेच शाळा भरे, म्हणून फळाही होता. पत्रसनं कॉयर उभा केला आणि मी चकित झालो. पुरुष म्हणजे टेनरला पत्रस, खर्जाला त्याचा एक भाऊ आणि आणखी दोघेतिघे. बाकी सगळ्या बाया. ऊसतोडीच्या, खुरपणीच्या बाया, रानातून रानात हाका मारून कमावलेले गळे. त्या अवघडून उभ्या होत्या आणि वरची वेलबुट्टी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होत्या. पत्रस मधे उभा राहून एकटा चाल गात होता.

"मोठ्यानं नगा," तो बायांना दरडावत होता. "तुमी वरनं साथ द्यायाची. बुकात तसंच हाय. मास्तरांनीच शिकवलंय."

माझी मान खाली गेली. मी हे शिकवलं होतं खरं.

कारखान्याचा भोंगा झाला आणि पत्रस दुपारच्या पाळीला गेला. बाया पांगल्या नाहीत. रूथ पुढे आली, पदर खोचून. "मास्तर, एक इचारू? चाल बायांकडं न्हेता येती का?"

"का गं?"

"आमी एवढ्या जनी नुसत्या हुंकार देत हुब्या. त्ये एकटेच गात्यात. म्या म्हनलं, आमाला बी गाऊ द्या. तर म्हनत्यात, बुकात न्हाई."

एक म्हातारी मागून म्हणाली, "मास्तर, बुक लिवनारी बी बाप्येच आसतील."

ती अदलाबदल मला तोंडपाठ होती. मी खडू घेतला. पुन्हा त्याच खोल्या बदलल्या, पण या खेपेला माझ्या खोलीचा विचार मनात नव्हता, कारण ती त्या गावात नव्हतीच. बाया संध्याकाळपर्यंत चाल शिकल्या. शिकल्या कसल्या, त्यांना ती येतच होती, पत्रसच्या तोंडून रोज ऐकून.

रविवारी सकाळी उपासनेच्या आधी पत्रस आला. फळ्यासमोर थांबला. त्याला स्वर वाचता येत होते, ते मीच शिकवले होते.

"ह्ये कुनी लिवलं?"

"मी."

"बुकात हाय का असं?"

"नाही."

"मग काय पंचांचा ठराव झाला?"

"झाला की," रूथ म्हणाली. "आमी केला."

बाया हसल्या नाहीत. सरळ उभ्या राहिल्या. पत्रसनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्या बुटांकडे. तो निघून जाईल असं मला वाटलं. दार उघडंच होतं. पण बाहेर वस्तीतले लोक जमत होते, त्याला मुकादम म्हणून रामराम करत होते, आणि त्या सगळ्यांच्या घरच्या बाया आत उभ्या होत्या.

"मग म्या काय गाऊ?" तो म्हणाला.

मी फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं ती वाचली. "ही तर तीच. म्या सोडून गेल्तो ती."

"तीच."

मी सूर दिला. बायांनी चाल उचलली आणि पत्रे वाजू लागले. पहिलं कडवं पत्रस तोंड मिटून उभा होता. दुसऱ्या कडव्यात मधेच कुठेतरी, कपाळावर आठ्या घालून, रणगाडा घासावा तसा जोर लावून, तो ती ओळ गाऊ लागला. बायांच्या चालीखाली ती ओळ वळत होती, त्यांच्या थांबण्यात पुढे सरकत होती, त्या चढल्या की उतरत होती. मी हात हलवायचा विसरलो. ती ओळ मी पुस्तक फिरवत उतरवली होती, एकदा वर ठेवली होती, एकदा खाली आणली होती, आणि त्या दिवसापर्यंत कधी ऐकली नव्हती. चालीच्या भांडणात ती कुणी मनापासून गायलीच नव्हती.

उपासना संपल्यावर मी पत्रसला बाजूला घेतलं. "खरं सांगू? तुझी ओळ चालीपेक्षा सरस आहे."

"म्हाइती हाय मला," पत्रस हळू आवाजात म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याला हळू बोलताना ऐकत होतो. त्यानं दाराकडे बघितलं, तिथे रूथ बायांशी बोलत उभी होती. "पन त्येंना सांगू नगा मास्तर. न्हाईतर हीच मागत्याल."